कोवळ्या उन्हाला भुलणारे झाड

लेहहून श्रीनगरच्या रस्त्याला लागले की सिंधू नदी सोबतीला येते आणि रस्ता तिच्याबरोबर उतरत जातो. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर, तर शंभरेक किलोमीटरवरचे खलत्से तीन हजारांच्या आसपास. मधे सस्पोल, नुर्ला अशी गावे लागतात. एरवी सगळा मुलूख राखाडी, उघडाबोडका. हिरवळ असलीच तर जिथे पाटाचे पाणी पोचते तिथे. एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मात्र ही गावे पांढरट गुलाबी दिसतात. जर्दाळूला पाने नंतर येतात, फुले आधी. सर्वांत आधी खालच्या अंगाची दाह-हनू आणि बटालिककडची गावे फुलतात, मग वरचे शाम खोरे, आणि लेहचा नंबर शेवटी. सरकार त्याचा उत्सव भरवते, पर्यटक कॅमेरे घेऊन येतात. ज्याची झाडे आहेत तो मात्र संध्याकाळ झाली की आभाळाकडे बघतो. ढग असले तर त्याला बरे वाटते. आभाळ निरभ्र असले आणि वारा पडला तर त्या रात्रीची काळजी असते.

ही काळजी वरवर पाहता विचित्र आहे. कारण याच झाडाने जानेवारीत उणे वीस अंशांच्या रात्री मुकाट्याने काढलेल्या असतात. पूर्ण झोपेत असलेल्या चांगल्या जातीच्या जर्दाळूचे लाकूड उणे तीस अंशांपर्यंत आणि फुलकळी उणे पंचवीसच्या आसपास तग धरते. एकदा का कळी हलली, की हिशेब पार बदलतो. कळीचे टोक पांढरे दिसू लागते तेव्हा उणे ४.४ अंशांना दहातली एक कळी मरते. झाड पूर्ण फुलल्यावर तेवढ्याच नुकसानीला उणे २.८ पुरे होते आणि उणे ५.६ला दहातली नऊ फुले जातात. पाकळ्या गळून हरभऱ्याएवढी फळे दिसू लागली की आणखी नाजूक काळ येतो. तेव्हा उणे ३.९ला जवळजवळ सगळा बहार संपतो. बाहेरून कळतही नाही. फूल तसेच टवटवीत दिसते, पण चिरून पाहिले की मधला स्त्रीकेसर काळा पडलेला असतो.

म्हणजे थंड प्रदेशात जर्दाळू लावणाऱ्याने विचारायचा पहिला प्रश्न ‘हे झाड किती थंडी सोसेल’ हा नाहीच. ‘हे झाड जागे कधी होईल’ हा आहे. जातीची निवड, जागेची निवड, खुंट, पाणी, चुन्याचा हात, सगळे या एका प्रश्नापाशी येऊन थांबते.

झाडाच्या या झोपेला दोन कुलपे असतात असे समजायला हरकत नाही. पहिले कुलूप थंडीने उघडते. पानगळ झाल्यावर शून्य ते सात अंशांच्या दरम्यानचे काहीशे तास झाडाला मिळावे लागतात. जातीनुसार हा आकडा तीनशेच्या आसपास असू शकतो किंवा हजाराजवळ जाऊ शकतो. तेवढी थंडी भोगल्याशिवाय कितीही ऊन पडले तरी कळी उमलत नाही. दुसरे कुलूप उबेने उघडते. थंडीचा कोटा पुरा झाला की झाड फक्त उबेची वाट बघत असते, आणि जर्दाळूला फार ऊब लागत नाही. सफरचंद, नासपती, आलुबुखार यांच्या कितीतरी आधी तो फुलतो. त्यातही गंमत अशी की शून्याच्या खूप खालची थंडी या कोट्यात फारशी मोजली जात नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरातली बेताची थंडीच खरे काम करते. त्यामुळे कडक हिवाळ्याच्या प्रदेशात जर्दाळूचे पहिले कुलूप हिवाळा भरात येईतो उघडलेलेही असते. पुढचे दोन-तीन महिने त्याची स्वतःची झोप उरलेली नसते. बाहेर बर्फ आहे म्हणून ते पडून असते, एवढेच.

विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला यातला अर्धा भाग न सांगता कळेल. तो पाणी तोडून झाडाला ताण देतो, झाड विसावते, मग पाणी सोडून बहार फोडतो. त्याच्या झाडाची विश्रांती कोरडेपणाची, जर्दाळूची थंडीची. फरक असा की संत्र्याचा ताण कधी मोडायचा हे माणूस ठरवू शकतो. जर्दाळूचा ताण हवामान मोडते. आणि महाराष्ट्राच्या सपाट प्रदेशात जर्दाळू का होत नाही, याचे उत्तरही इथेच आहे: पहिले कुलूपच उघडत नाही. बाजारातल्या जर्दाळूची बी रुजून पुण्यात रोप उभे राहू शकते, त्याला पानेही येतील, पण बहाराची आशा धरू नये.

कडक पण स्थिर हिवाळा जर्दाळूला मानवतो. घात करतो तो लहरी हिवाळा. फेब्रुवारीत चार-पाच दिवस ऊबदार ऊन पडले की झाडाने शरद ऋतूपासून जमवलेली थंडी सोसण्याची ताकद झपाट्याने उतरते, आणि पुन्हा गारठा आला तरी ती पूर्वीइतकी परत चढत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत हेच घडते. पर्वताच्या पायथ्याशी भर हिवाळ्यात मधेच उन्हाळी वाटावे असे दिवस येतात, मागोमाग बर्फ येते. तिथल्या परसात जर्दाळूची झाडे भरपूर आहेत, दणकट आहेत, दर वसंतात देखणी फुलतात. फळ मात्र अधूनमधूनच धरतात. व्यापारी शेतीही यातून सुटत नाही. जगातल्या सुक्या जर्दाळूचा फार मोठा हिस्सा तुर्कस्तानातल्या एकट्या मलात्या प्रांतातून येतो. मार्च २०१४च्या अखेरीस आणि पुन्हा एप्रिल २०२५मध्ये तिथे बहार गोठला, आणि त्याचे पडसाद जगभरच्या सुक्यामेव्याच्या भावांत उमटले.

आता निवडीकडे वळू. थंड देशांतल्या रोपवाटिका रोपाच्या चिठ्ठीवर एक क्षेत्रक्रमांक छापतात: हे झाड अमुक क्षेत्रात टिकते. अमेरिकी कृषी खात्याची ही पद्धत वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीच्या सरासरीवर बेतलेली आहे. चौथे क्षेत्र म्हणजे ती रात्र उणे ३४ ते उणे २९ अंशांची. ती चिठ्ठी खोटी नसते, पण अर्धीच असते. झाड मरणार नाही एवढेच ती सांगते. फळ देईल का, हे वसंतावर अवलंबून आहे आणि वसंताबद्दल चिठ्ठी गप्प. टोरांटोत किंवा मिनिआपोलिसला घर केलेल्या मराठी कुटुंबाने अंगणात जर्दाळू लावायचा म्हटले तर त्याने रोपवाटिकेतल्या माणसाला क्षेत्रक्रमांकापेक्षा फुलण्याचा आठवडा आधी विचारावा. आणि शेजारीपाजारी कोणाकडे फळ धरलेले झाड आहे का, हेही. त्याइतका भरवशाचा पुरावा दुसरा नाही.

काटकपणा कुठून येतो? आपण खातो तो जर्दाळू मध्य आशिया आणि चीनमधला. लिनियसने १७५३मध्ये त्याच्या शास्त्रीय नावात आर्मेनियाला बसवले, कारण युरोपात ते फळ आर्मेनियाचे समजले जाई. रानटी झाडे आजही तिएनशान पर्वतात आहेत. त्याचे दोन भाऊबंद आणखी उत्तरेला गेले: मांचुरियाचा जर्दाळू आणि सायबेरियाचा जर्दाळू. हे दोघे उणे चाळीसच्या घरातली थंडी काढतात. फळ मात्र लहान, आंबट, बऱ्याचदा तुरट, आणि सायबेरियाच्या झाडाचे तर कोरडेही. त्यामुळे गेल्या शतकातल्या बहुतेक प्रयत्नांचा मसुदा एकच होता: उत्तरेकडच्या झाडाचा काटकपणा घ्यायचा आणि दक्षिणेकडच्या झाडाची गोडी.

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात मॉर्डन इथल्या संशोधन केंद्राने १९३७मध्ये ‘स्काउट’ ही जात बाहेर काढली; तिचे बी मांचुरियाकडून आले होते. झाड प्रेअरीचा हिवाळा बिनतक्रार काढते, फळ जॅमला चांगले. मिनेसोटा विद्यापीठाने १९६०च्या सुमारास ‘मूनगोल्ड’ आणि ‘सनगोल्ड’ ही जोडी दिली. जोडी म्हणायचे कारण दोघांना परागासाठी एकमेकांची गरज असते; एकच लावले तर फुले बघत बसावे लागते. मिशिगनच्या साउथ हेवन केंद्रातून १९६७मध्ये आलेली ‘गोल्डकॉट’ एकटी फळते आणि लाकडालाही कणखर आहे. ऑन्टारियोतल्या हॅरो केंद्राच्या जाती ‘हार’ या अक्षरांनी सुरू होतात. त्यांतली ‘हार्लेन’ थंडीलाही बरी आणि युरोपात बागाच्या बागा उपटायला लावणाऱ्या शार्का या विषाणुरोगालाही दाद न देणारी.

पण सर्वांत रंगतदार हकिकत मॉस्कोची. अलेक्सेई स्क्वोर्त्सोव हे वनस्पतिशास्त्रज्ञ खरे तर विलोचे जाणकार म्हणून जगाला माहीत. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मॉस्कोच्या मुख्य वनस्पती उद्यानात जर्दाळूचे बी पेरायला सुरुवात केली. पद्धत साधी आणि निष्ठुर होती. ठिकठिकाणचे बी भरपूर पेरायचे, हिवाळ्याला चाळणी लावू द्यायची, जे उरेल आणि फळेल त्याचे बी पुन्हा पेरायचे. पिढ्यांमागून पिढ्या असे करत गेल्यावर मॉस्कोच्या हवेत फळणारी झाडे हाती आली. ‘आयसबर्ग’, ‘अल्योशा’, ‘लेल’, ‘त्सार्स्की’, ‘ग्राफिन्या’, ‘मोनास्तिर्स्की’ अशा नावांच्या जाती या शतकाच्या सुरुवातीला रशियाच्या सरकारी नोंदवहीत चढल्या. त्याआधी मॉस्कोत जर्दाळू म्हटले की लोक हसत.

या कामात एक अनपेक्षित गोष्ट ठळक झाली. मॉस्कोत जर्दाळू मरतो तो बहुधा थंडीने नव्हे, कुजून. जमीन पुरती गोठण्याआधी तिच्यावर जाड बर्फ पडले की खाली ऊब राहते. बुंध्याची जमिनीलगतची साल शून्याच्या आसपासच्या दमट अंधारात आठवडेच्या आठवडे राहते आणि सडते. वर फांद्या जिवंत, खाली गळ्याभोवती साल मेलेली. म्हणून तिथले जाणकार खड्डा खणून त्यात झाड लावत नाहीत. मातीचा रुंद उंचवटा करून त्यावर लावतात, म्हणजे पाणी बुंध्यापासून दूर जाते. बर्फ जास्त पडले तर बुंध्याभोवती ते तुडवून घट्ट करतात किंवा दूर सारतात, जेणेकरून खालची जमीन गोठावी. झाडाला थंडी लागावी म्हणून माणसाने खटपट करायची, हे आपल्याकडच्या बागायतदाराला उफराटे वाटेल. झाडाच्या बाजूने पाहिले तर त्यात काहीच उफराटे नाही.

लडाखची गोष्ट या सगळ्याहून निराळी आहे, कारण तिथे शास्त्रज्ञ येण्याच्या शेकडो वर्षे आधी निवड होऊन गेलेली होती. लडाखी माणूस जर्दाळूला चुली म्हणतो आणि त्याची पहिली वाटणी फळावरून नाही, आतल्या मगजावरून करतो. कडू मगजाचे ते खान्ते. गोड मगजाच्या झाडांत कोय तपकिरी असेल तर रक्त्से नाकपो, आणि कोय पांढरी असेल तर रक्त्से कार्पो. हा पांढऱ्या कोयीचा जर्दाळू लडाखचा खास. २०२२मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. फळ अतिशय गोड, ताजे खाण्याचे. सुकवण्यासाठी मात्र हलमान या जातीला मान आहे. हलमान पलीकडे बाल्टिस्तानातही तितकाच नावाजलेला. नुब्रा खोऱ्यातले तुर्तुक हे बाल्टी गाव १९७१च्या डिसेंबरात भारतात आले, त्याच्या बागाही त्याच परंपरेतल्या. लेहमधील संरक्षण खात्याच्या उच्च पर्वतीय संशोधन संस्थेने या स्थानिक झाडांचा बराच अभ्यास केला आहे. हिमाचलातल्या किन्नौर-लाहौलसारख्या कोरड्या थंड भागात चारमग्ज, शकरपारा या सुकवायच्या जाती चालतात. तिथेच खाली मध्यम उंचीच्या डोंगरात न्यू कॅसल, केशा अशा लवकर येणाऱ्या. खालची जात वर नेऊन लावली तर ती वरच्या एप्रिलला सापडते.

बी लावावे की कलम? बीपासून आलेले झाड आईसारखे निघेल याची खात्री नाही. रक्त्से कार्पोची कोय पेरली म्हणून पांढरी कोय मिळेलच असे नाही. म्हणून गावकरी तो कलमानेच वाढवतात. बीचे झाड फळायला पाच-सात वर्षे घेते, कलम तीन-चार वर्षांत पहिली फळे दाखवते. तरी बीला अगदी मोडीत काढू नये. जिथे कोणाचेच कलम टिकत नाही तिथे मॉस्कोसारखी चाळणी लावायला बीच लागते, आणि खुंट म्हणून तर त्याला पर्याय थोडेच. हिमाचलात रानटी जर्दाळूची रोपे खुंट म्हणून वापरतात, कारण ती त्याच मातीत, त्याच थंडीत वाढलेली असतात. ओल धरणाऱ्या भारी जमिनीत आलुबुखाराच्या वर्गातला खुंट अधिक तग धरतो. मात्र जर्दाळूच्या काही जातींचे आणि त्या खुंटांचे पटत नाही, आणि वरवर जुळलेला सांधा काही वर्षांनी वादळात सरळ तुटतो. त्यामुळे कलम विकत घेताना जातीचे नाव विचारले तसे खुंटाचेही विचारावे. उत्तर आले नाही तर दुसऱ्या रोपवाटिकेत जावे.

परागाचा प्रश्न सोपा वाटतो, तसा नाही. युरोपीय वळणाच्या पुष्कळ जाती स्वतःच्या परागावर फळतात. मध्य आशियाई वळणाच्या बहुतेक जातींना दुसऱ्या जातीचा पराग लागतो. लडाखी गावात बीची नाना झाडे शेजारी शेजारी असल्याने कोणाला त्याचा विचार करावा लागत नाही; एकट्या अंगणात तो करावा लागतो. शिवाय जर्दाळू फुलतो तेव्हा हवा इतकी गार असते की मधमाश्या पोळ्याबाहेर पडत नाहीत. साधारण दहा-बारा अंशांखाली त्या उडायला राजी नसतात. दोन-चार झाडे असतील तर मऊ कुंचल्याने दुपारी फुलाफुलावर पराग फिरवणे हा वेडेपणा नव्हे. अनेकजण तो करतात आणि फळे खातात.

जागेच्या बाबतीत पुस्तकी सल्ला फसवा ठरतो, कारण तो बऱ्याचदा इंग्लंडातून आलेला असतो. नॉर्दम्प्टनशायरमधल्या एन्हो या गावात घराघराच्या भिंतीवर जर्दाळू पसरवून वाढवलेला आहे. पूर्वी जमीनदाराचा खंड जर्दाळूंत भरला जाई, असे तिथे सांगतात. हर्टफर्डशायरमधल्या मूर पार्कची ‘मूरपार्क’ ही जातही अठराव्या शतकातल्या अशाच हौशी बागाइताची देणगी. तिथे दक्षिणेला तोंड केलेली भिंत हवीच, कारण इंग्लंडचा हिवाळा सौम्य आणि उन्हाळा फिका. फळ पिकायला भिंतीने साठवलेली ऊब लागते, आणि गोठणाऱ्या रात्री भिंतीवरच्या झाडावर कापड टाकणेही सोपे. हाच सल्ला लडाखला, मिनेसोटाला किंवा मॉस्कोला नेला तर घात. तिथे उन्हाळ्याला तोटा नाही. दक्षिणेची भिंत फेब्रुवारीत झाडाला उठवून बसवते.

खंडीय थंडीच्या प्रदेशात उत्तरेकडे किंवा पूर्वेकडे झुकलेला उतार बरा. तिथे बर्फ उशिरा वितळते, फुले काही दिवस मागे पडतात, आणि जर्दाळूच्या बाबतीत काही दिवस म्हणजे पुष्कळ. उताराचा मधला भाग निवडावा. गार हवा जड असते. रात्री ती उतारावरून खाली वाहते आणि तळाशी, बांधाआड, दाट कुंपणामागे साचते. दरीच्या तळातले झाड आणि पन्नास पावले वरचे झाड यांच्यात एकाच रात्री दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो. वर दिलेले आकडे पाहिले तर एवढ्यात पीक जाते किंवा राहते. अगदी माथाही नको, तिथे हिवाळी वारा लाकूड वाळवतो.

लागवड वसंतात करावी. शरदात लावलेल्या कोवळ्या मुळांना गोठणाऱ्या जमिनीत बस्तान बसवायला वेळ मिळत नाही. जमीन थोडी चुनखडीची असली तरी चालते, पाणी साचणारी मात्र चालत नाही. दोन झाडांत पाच-सहा मीटर अंतर. पहिल्या उन्हाळ्यात पाणी नियमित. ऑगस्टनंतर कमी करत न्यावे आणि नत्र तर बंदच करावे. उशिरा दिलेल्या खताने फांद्या शरदात लांबत राहतात, त्यांचे लाकूड पिकत नाही आणि पहिल्याच कडाक्यात टोके वाळतात. लडाखसारख्या कोरड्या मुलखात पानगळीनंतर, जमीन गोठण्यापूर्वी एक भरपूर पाणी द्यावे. कोरड्या हिवाळ्यात झाड थंडीइतकेच तहानेने मरते.

लडाखमध्ये पाण्याची खरी अडचण वसंतात येते. लेहला वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस-बर्फ पडते. शेती सगळी हिमनद्यांच्या पाण्यावर, आणि हिमनद्या जूनमध्ये वितळू लागतात. झाडांना पाणी हवे एप्रिल-मेमध्ये. युरा म्हणजे पाट, आणि कोणाच्या शेताला पाणी कधी हे ठरवणारा चुरपोन, ही तिथली जुनी व्यवस्था. पण वाटायला पाणीच नसेल तर चुरपोन काय करणार? चेवांग नोरफेल यांनी १९८०च्या दशकात हिवाळी ओढ्यांचे पाणी सावलीत थोपवून गोठवायला सुरुवात केली आणि सोनम वांगचुक यांनी २०१३-१४च्या हिवाळ्यापासून बर्फाच्या स्तूपांचे प्रयोग केले, ते याच दोन महिन्यांसाठी. ओल्या जमिनीचा फुलांनाही फायदा होतो: ओली माती दिवसा अधिक ऊब साठवते आणि रात्री ती सावकाश सोडते.

मग ती गोठणारी रात्र येतेच. निफाड-पिंपळगावच्या द्राक्षबागायतदाराला तिची ओळख आहे. पारा चार-पाचवर उतरला की तो बागेत शेकोट्या पेटवतो आणि पहाटे पाणी सोडतो. ऑस्ट्रियातल्या वाखाऊ खोऱ्यात डॅन्यूबकाठच्या जर्दाळू बागांत शेतकरी शेकडो मेणाचे डबे पेटवतात. दोघांचे तत्त्व एकच, फक्त धुराला श्रेय देऊ नये. काम करते ती उष्णता, आणि तीही अनेक लहान आगींची. एक मोठी आग गरम हवेचा झोत वर सोडून देते आणि बाजूची गार हवा आत ओढते. स्वित्झर्लंडच्या वाले भागात उलटी युक्ती आहे. तिथे फुलांवर रात्रभर पाणी फवारतात. पाणी गोठताना किलोमागे ऐंशी किलोकॅलरी उष्णता सोडते, त्यामुळे बर्फात बंद झालेले फूल शून्याच्या आसपास राहते. युक्ती देखणी आहे पण धोक्याची: बर्फ वितळेपर्यंत पाणी थांबता कामा नये. मधेच पंप बंद पडला तर ओल्या फुलातून बाष्पीभवन होते आणि काहीच न करण्यापेक्षा अधिक नुकसान होते. घरच्या एका झाडाला जाड चादर जमिनीपर्यंत सोडून आत एक दिवा ठेवणे पुरते.

थंडीतून वाचलेल्या जर्दाळूचा पुढचा वैरी ओल. फुलोऱ्यात पाऊस आला तर मोनिलिया बुरशीने फुले आणि कोवळ्या काड्या जळाल्यासारख्या होतात. सालीतून डिंक गळू लागतो. संत्र्याच्या डिंक्याचे कारण वेगळे असले तरी लक्षण त्या बागायतदाराला ओळखीचे वाटेल. जर्दाळूत तो बहुधा जिवाणूचा चट्टा, बुरशी किंवा हिवाळ्यात फाटलेली साल यांचा परिणाम असतो. म्हणून छाटणी हिवाळ्यात करू नये. फळ उतरवल्यावर, कोरड्या उन्हाळी दिवसांत करावी, म्हणजे जखमा लवकर भरतात आणि पावसाबरोबर उडणारे बुरशीचे बीजाणू त्यात शिरत नाहीत. फळ मागच्या वर्षीच्या काडीवर आणि आखूड फांद्यांवर धरते. त्या आखूड फांद्या तीन-चार वर्षांत थकतात, तेव्हा थोडी छाटणी हवीच. शरदात बुंध्याला आणि जाड फांद्यांना चुना लावावा. ते शोभेसाठी नाही. जानेवारीच्या दुपारी उन्हाने गडद साल तापते, सूर्य मावळताच गोठते आणि नैर्ऋत्येच्या बाजूने उभी फाटते. पांढरा रंग ऊन परतवतो. लडाखच्या कोरड्या हवेत रोग कमी, पण कॉडलिंग मॉथ या पतंगाची अळी तिथे आहे, आणि ती बाकीच्या देशात पसरू नये म्हणून तिथली ताजी फळे बाहेर नेण्यावर बरीच वर्षे बंधने होती. २०२१मध्ये लडाखचे ताजे जर्दाळू दुबईपर्यंत पोचले.

ज्या वर्षी बहार वाचतो त्या वर्षी तो अतोनात वाचतो. मग विरळणी करायला हात उचलत नाही. करावी. फळ अंगठ्याच्या पेराएवढे झाले की दोन फळांत पाचेक सेंटिमीटर अंतर राहील अशी बाकीची काढून टाकावीत. नाहीतर फळे सुपारीएवढी राहतात, फांद्या मोडतात आणि झाड पुढच्या वर्षी रुसते.

लडाखमध्ये फळ जुलै-ऑगस्टमध्ये पिकते. झाडावर पिकलेला जर्दाळू दोन-तीन दिवसांत मऊ पडतो, दूरच्या प्रवासाला निघत नाही. म्हणून तो घराच्या धाब्यावर किंवा तापलेल्या खडकांवर वाळवतात. गंधकाची धुरी दिलेला मलात्याचा माल नारिंगी राहतो, उन्हात नुसता वाळवलेला लडाखी माल तपकिरी होतो. दुकानात गिऱ्हाईक रंग बघून नारिंगी उचलते. चवीला तपकिरीच सरस. कोयीसकट वाळवलेल्याला फाटिंग म्हणतात. कोय फोडून गोड मगज बदामासारखा खातात. कडू मगजात अमिग्डालिन असते आणि पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड सुटते; प्रौढ माणसाने असे तीन लहान कच्चे मगज एका वेळी ओलांडू नयेत, असा इशारा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६मध्ये दिला. खान्तेचा मगज म्हणूनच तेलाला जातो. ते तेल केसांना लावतात, गोम्पांतल्या दिव्यांत घालतात, आणि कोयींची फोडलेली टरफले हिवाळ्यात चुलीत जातात.